कोंबड्यांच्या ओळीत

गोपिकाबाई बाजारात वाकून मोठ्या वेलच्यांचा ढीग बघत होत्या. एक फोडली, हुंगली. धुराचा वास आला. भावाला दाखवायला वळल्या, तर रुपराव नव्हता.

"आत्या, बाबांचा हात सोडू नको. ते हरवतात," मिनलने सकाळी बसमध्ये बसवताना बजावले होते. मिनल रुपरावची मुलगी. व्हिएतनामच्या उत्तर भागात एका खाणीवर नोकरीला होती. तिला भेटायला दोघे नागपूरच्या नंदनवन भागातून आले होते. आजची सहल तिनेच ठरवून दिली होती: डोंगरातला रविवारचा बाजार, मग धबधबा, संध्याकाळी परत.

वाटेत भातशेती लागली. रामटेककडे धानाच्या बांध्या सपाट असतात; इथे त्या पायऱ्यांसारख्या डोंगरावर चढत थेट ढगात गेल्या होत्या.

"इतक्या वर पाणी कसं नेत असतील गा?" बाईंनी भावाला विचारले. नागपूरकडे पुरुषाशी बोलताना असा 'गा' लावतात.

गाईड मुलगी लिन हसायला लागली. तिच्या भाषेत 'गा' म्हणजे कोंबडी, मात्र सूर खाली सोडून म्हणायचे. बाई तर अगदी तस्सेच म्हणत होत्या. रुपरावने तीस वर्षे कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढली होती. त्याने तो शब्द लिनकडून चारदा म्हणवून घेतला. गोपिकाबाईही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

आता बाजारात मात्र त्या चारी बाजूंना भावाला शोधत होत्या. धुके उतरले होते. दहा पावलांपलीकडचे माणूस नुसती सावली दिसत होते. बस धबधब्याकडे निघायला थोडाच वेळ उरला होता, आणि भावाला इथली भाषा येत नव्हती. कोणाचा हात धरून कुठे गेला तर?

"रुपराव! कुठं आहेस गा?"

शेजारच्या कापडवालीने मान वर केली. तिचे हात कोपरापर्यंत निळीने रंगले होते. गोपिकाबाईंनी हात उंच करून भावाची उंची दाखवली, डोक्यावर हातानेच टोपीचा आकार करून दाखवला.

"गा?" तिने विचारले.

"हो वं, गा. माहा भाऊ."

ती जुनी ओळख असल्यासारखी हसली. बाईंचे बोलणे पुरे व्हायच्या आतच तिने त्यांचे कोपर धरले आणि त्यांना म्हशींच्या दावणीवरून, आलुबुखाऱ्यांच्या टोपल्यांमधून चालवत नेले. बाईंना नवल वाटत होते. हिलाही कसे ठाऊक, तो कुठे असेल ते?

ओळीच्या टोकाला वेताचे पिंजरे होते. काळ्या कोंबड्या कलकलत होत्या. त्यांच्या मधोमध टोपी घातलेला रुपराव उभा होता, शेजारी लिन.

गोपिकाबाईंनी त्याचे मनगट घट्ट पकडले. "काहून गा, किती डाव सांगतलं तुले, हात सोडू नको म्हणून? माहा जीव गेला असता."

"चुकलो, बाई."

"पोरीले काय तोंड दाखवलं असतं मी?"

 रुपरावने कापडवालीला मान लववून नमस्कार केला.

बसकडे जाताना लिनने त्याला इंग्रजीत हळूच विचारले की, सकाळपासून ही तिसरी वेळ, आणि तरी तुम्ही बाईंना शोधत बाजारभर धावत कसे नाही?

"धावलो तर चुकामूक होईल," रुपराव म्हणाला. "ती 'गा' म्हणत फिरते आणि लोक तिला कोंबड्यांकडे नेऊन सोडतात. म्हणून ती हरवली, की मी तिथे जाऊन उभा राहतो."