हितनं सरळ जावा

"हितनं सरळ जावा, पाव्हणं, चिंचेपाशी डावीकडं वळा," पानटपरीवाला म्हणाला. मी गडहिंग्लजला मुलगी बघायला निघालो होतो. चिंचेपाशी वळलो आणि फिरून त्याच टपरीसमोर उभा राहिलो.

मग शिंप्यानं उजवीकडं धाडलं, तरी स्कूटर टपरीसमोरच. तिसऱ्या फेरीला एका गुरुजींनी ओट्यावर बसवून गावाचा इतिहास सांगितला. गाव वसवणारा सरदारही लढाईला जाताना इथंच वाट विचारून अडकला होता म्हणे.

"गाव नव्हतंच, तर वाट विचारली कुणाला?" मी गोंधळलो.

"तेवढं कुणालाच ठाऊक नाही," म्हणत त्यांनी आत हाक मारली. त्यांची मुलगी हसू दाबत चहा घेऊन आली. गडहिंग्लज राहिलंच, मीही इथंच राहिलो.

पंचवीस वर्षं मी समजत होतो, या गावाला रस्ता सांगताच येत नाही. काल एका देखण्या पोरानं दारात मोटारसायकल थांबवून, फोनला रेंज नाही म्हणत गडहिंग्लज विचारलं. मी बोट दाखवणार, तोच बायकोनं मला मागं ओढलं.

"हितनं सरळ जावा, चिंचेपाशी डावीकडं वळा," ती म्हणाली. मग लेकीला हाक मारली, "चहा टाक. पण सावकाश. अजून दोन फेऱ्या हायत त्याच्या."