दारापुढचं स्टूल

"मान्य म्हण आणि मोकळी हो," नणंद म्हणाली. "सगळं जग म्हणतं."

वहिनी वाचत होती. पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी, आणि ती बोट फिरवत एकेक ओळ खाली उतरत होती, तांदळातले खडे वेचावेत तशी.

पाच वाजता सामना होता. जोडीचा, उपांत्य फेरीचा. नणंद ढाल घेऊन पुढे, वहिनी धनुष्य घेऊन मागे. दोघींनी मिळून अर्धं राज्य पालथं घातलं होतं. "नणंद-भावजयीचं एवढं पटलेलं मी गाण्यातसुद्धा ऐकलं नाही," असं आई, म्हणजे एकीची आई आणि दुसरीची सासू, येईल-जाईल त्याला सांगायची.

नणंदेच्या लॅपटॉपवर खेळ उघडला होता. वहिनीच्या संगणकावर अडला होता. कंपनीने परवापासून नवं लाँचर सक्तीचं केलं होतं: ते आधी बसवायचं, मगच खेळाचं दार उघडणार, मग खेळ तुम्ही विकत घेतलेला का असेना. आणि स्पर्धेत नोंदवलेला संगणक आता बदलता येत नव्हता.

"हे म्हणतंय, संगणकावर काय काय चालू आहे ते बघू. फायलींची नावं बघू. माइकसुद्धा लागेल म्हणतंय."

"लबाडी पकडायला गं. कोणी चोरून मदत घेत असेल तर कळावं म्हणून."

"एक चोर पकडायचा म्हणून गावातल्या घराघरांत शिरायचं?"

"तुझ्या घरात चोरण्यासारखं आहे काय? पक्षी?"

पडद्याच्या कडेला फायली ओळीने बसल्या होत्या. टिटवी, चिमणी, बगळा, घुबड. त्यावरून नणंद तिला नेहमी चिडवायची.

या वेळी वहिनी हसली नाही. "ते पक्षी नाहीत, वन्सं. माझी माणसं आहेत. त्यांची खरी नावं मी या संगणकालाही सांगितलेली नाहीत."

वहिनी समुपदेशक होती. कुठून कुठून माणसं याच पडद्यावर येऊन तिच्याशी बोलायची, जे घरच्यांशी बोलता आलं नाही ते. तेव्हा ती खोलीचं दार लावायची आणि बाहेर एक लाकडी स्टूल ठेवायची. स्टूल दिसलं की घरातलं कोणी तिकडे फिरकत नसे. आई तर चुकून एखादा शब्द कानावर पडू नये म्हणून नळ सोडायची आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायची.

"पण ते नावंच बघणार ना, वहिनी? आतलं थोडंच वाचणार?"

"बरं. समज, मी तुला एवढंच सांगितलं की अमुक बाई रोज दुपारी येते आणि तासभर बसते. आतलं एक अक्षर नाही सांगितलं. तरी चहाडी झालीच की नाही?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला आणि "अगं बाई!" म्हणत वहिनी पळाली.

खुर्ची रिकामी झाली. नणंद तिच्यावर बसली.

दाबून टाकावं. सामना संपला की लाँचर काढून टाकू. वहिनीला पत्तासुद्धा लागणार नाही. 'मान्य'वर बाण टेकलेला, वर तिचं बोट. नुसतं हलवायचा अवकाश होता.

संगणक वाजू लागला. कोपऱ्यात नाव आलं: टिटवी.

आज तिची वेळ नव्हती. असती तर दारापुढे स्टूल असतं. लाँचरची चौकट पडदाभर आडवी पसरलेली, घंटा तिच्या खाली दबलेली. चौकट सरकेना. मान्य किंवा रद्द, दोनच वाटा. टिटवी वाजायची, थांबायची, पुन्हा वाजायची. दार ठोठावावं की आल्या पावली परतावं, असं झालेल्या माणसासारखी.

नणंदेने 'रद्द' दाबलं.

'आपली जोडी आजच्या सामन्यातून बाद होईल. नक्की?'

नक्की.

"वहिनी! टिटवी आलीय!"

वहिनी ओले हात ओढणीला पुसत धावत आली. मोकळा पडदा पाहिला, नणंदेकडे पाहिलं. जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोही अर्धा ओलाच. मग खेळायचे ते लाल दिव्यांचे झगमगीत हेडफोन कानांवर चढवले आणि म्हणाली, "बोल गं. मी आहे."

नणंद दारात थबकली. तोच आवाज. शत्रू चहूकडून अंगावर आले की पाठीमागून यायचा तो. "तू हो पुढे, मी आहे." तिला वाटायचं, तो आपल्या एकटीसाठी राखून ठेवलेला आहे.

तिने बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं. टेबलावरच्या तिच्या लॅपटॉपवर ढालवाली मैदानाच्या बंद फाटकापाशी एकटीच उभी होती, मागे कोणी नसताना. नणंदेने लॅपटॉप मिटला. कोपऱ्यातलं स्टूल उचललं, पाय वाजू न देता आणलं आणि दारापुढे ठेवलं.

आई ओट्यावरचं सांडलेलं दूध पुसत होती. "झाला का गं सामना? जिंकलात?"

नणंदेने ओठांवर बोट ठेवलं आणि स्टुलाकडे मान हलवली.

आईचा आवाज आपोआप खाली आला. "आत्ता? आणि भांडी तर सगळी घासून झाली."

"आज मी घासते," नणंद म्हणाली. तिने नळ मोठा सोडला आणि फळीवरचं लख्ख पातेलं पुन्हा खाली काढलं.