थोबाडीत टिकणारा चष्मा

या गं बायांनो, जरा पुढे सरका. बुवांचं कीर्तन उभं राहायला अवकाश आहे, तोवर आपल्या हौसाकाकूंची गोष्ट सांगते.

चष्म्याच्या दुकानात इरफाननं काकूंपुढे वाचायचे दोन चष्मे ठेवले, एक स्वस्त, एक महाग. "महागड्यात काच नाही, काकू, फायबर आहे. पडला तरी फुटायचा नाही."

"पडायचं सोड रे," काकू म्हणाल्या. "थोबाडीत बसली तर?"

इरफान हसला, मग त्याला त्यांच्या भुवईवरचे टाके दिसले. नवऱ्याच्या हातनं मागचा चष्मा तिथंच फुटला होता.

"डोळा थोडक्यात वाचला बघ. तो गेला तर पोथी कशी वाचू? महागच दे."

संध्याकाळी काकू पोथी वाचत बसल्या होत्या. "म्हातारे, माझ्या पैशानं मिरवतेस?" म्हणत नवऱ्यानं कानाखाली ठेवून दिली. चष्मा नाकावर वाकडा झाला, पण फुटला नाही. एरवी काचेच्या भीतीनं काकू डोळे गच्च मिटायच्या आणि मार खात राहायच्या. आज डोळे उघडेच राहिले. दुसरा हात येताना दिसला, तसा त्यांनी बुडाखालचा पाट ओढून त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडलं. तो विव्हळत खाली बसला, आणि काकूंनी चष्मा सरळ करून उरलेला अध्याय त्याच्यासमोर मोठ्यानं वाचून काढला.

त्यानं चौकीत तक्रार दिलीय, म्हणून काकू आज इथं नाहीत. पाप-पुण्याचं पांडुरंग बघेल. तुम्ही आरतीला हात जोडाल, तेव्हा तेवढी त्यांची आठवण ठेवा.