घरघर

तिच्या सासऱ्यांनी हौसेने बांधलेल्या वाइनच्या तळघरातलं कूलिंग मशीन बंद पडलं, म्हणून मेकॅनिक नवीन दाखवायला आला होता. “हे भिंतीत बसतं, जागा खात नाही, पण घरघरतं. हे दुसरं अगदी मुकं,” तो म्हणाला. “घरघरणारंच बसवा,” नवरा घाईने म्हणाला. ती चमकली. जुन्या मशीनच्या आवाजानेच तर घात केला होता. सासरे खाली पडले, हाका मारत राहिले असणार, पण वर कुणालाच ऐकू आलं नाही. सापडले तेव्हा सगळं संपलं होतं. “अहो, पुन्हा तसलंच?” त्याचा चेहरा उतरला. “जुनं बंद पडल्यापासून मला बाबांच्या हाका ऐकू येतात गं.” तिच्या अंगावर काटा आला. भास समजून तीही इतके दिवस गप्प होती. “मलाही येतात,” म्हणत ती मेकॅनिककडे वळली, “मुकंच बसवा.” नवऱ्याने तळघराचं दार उघडलं. “आलो, बाबा!”