शंभरचं एकशे एक

पडद्यावर पांढरं कडं गरगर फिरत होतं. सकाळी सातपासून तेवढंच. कुसाबाईंनी चष्मा टेबलावर आपटला.

“काल संध्याकाळपर्यंत घोड्यावाणी पळत होता ह्यो सर्व्हर. रातीतून पाय मोडले का त्याचे?”

ऑफिस सांभाळणाऱ्या सुनेनं, मंजुषानं पडद्यावरची नजर काढली नाही. “नेटवर्कची सेटिंग बदलली जराशी. तेव्हापासून चालू होतानाच अडकतोय.”

“कुणी बदलली?”

“मी.”

“तुला कुणी आवतण दिलं होतं?”

पिंपळगावच्या त्या कोल्ड स्टोरेजचे सभासद सव्वादोनशे, आणि अकरा वर्षं चेअरमन एकच. कुसाबाई दोन यत्ता शिकलेल्या. सही करताना अजून जीभ दातांत धरायच्या, पण द्राक्षाची पेटी नुसती उचलून किती ग्रॅम कमी भरली ते सांगायच्या. दरवर्षी सभा भरली की त्या समोर खुर्ची टाकून बसायच्या, “कुणाचं काही म्हणणं?” असं विचारायच्या, आणि सगळे हात मुकाट वर जायचे.

यंदा पहिल्यांदाच चेअरमनसाठीचं मत मोबाईलवर होतं. ही कल्पना त्यांच्या लेकाची, संचालक शेखरची. बारा ते दोन या वेळात सगळ्या संचालकांची नावं मोबाईलवर येणार, सभासदानं एका नावावर बोट ठेवायचं. कुणाचं बोट कुठं पडलं ते कुणाला कळणार नाही. बाराला सर्व्हर बंद असला, तर आठ दिवसांनी नेहमीसारखी सभा आणि नेहमीसारखे हात, असं ठरावातच लिहिलं होतं.

“मग होऊ द्या ना सभा,” मंजुषा म्हणाली. “आठ दिवसांनी असं काय बिघडतंय?”

“बिघडतंय! माझ्या खुर्चीवर टपलेला विंचूरचा फकिरा तालुकाभर बोंबलंल, म्हातारीनं भिऊन मशीन बंद पाडलं म्हणून. अकरा वर्षं मी कुणाच्या बापाला भ्याले नाय. आता ह्या डबड्याआड लपू?”

फोन वाजला. शेखर होता. आठ दिवस तो आईच्या मतांसाठी म्हणून गावोगाव हिंडत होता. घरी जेवायलाही टेकला नव्हता.

“आई, झाला का चालू?”

“तुझी बायको मांडी घालून बसलीय त्याच्यावर.”

“काहीही कर, पण बाराच्या आत चालू व्हायला पाहिजे. नाशकातून माणूस धाडलाय मी.”

सकाळपासूनचा हा तिसरा फोन. कुसाबाईंचा ऊर भरून आला. “बघ,” त्या सुनेला म्हणाल्या, “पोटचं ते पोटचं. बाहेरून आणलेल्याला काय कळ येणार?”

मंजुषानं मान खाली घातली. “खरंय,” एवढंच म्हणाली.

साडेदहाला नाशिकहून समाधान आला. पाठीवर बॅग, कपाळावर घाम.

“मावशी, जरा सरकता का?”

“मावशी तुझ्या घरी. इथं चेअरमनबाई.”

मागच्या वायरी काढून, नेटवर्क बाजूला ठेवून त्यानं मशीन उठवलं आणि आतलं काहीबाही वाचत बसला. वीस मिनिटांनी खुर्ची मागं सरकवली.

“सापडलं. हा उठला की आधी दुसऱ्या मशीनला हाक मारतो, सगळी माहिती तिकडं असते ना. त्या मशीनचा नंबर शंभर. याला कुणीतरी सांगून ठेवलंय एकशे एक. तिथं कुणीच नाही. ओ येईना, म्हणून हा उंबऱ्यातच उभा.”

“चुकून झालं का?”

“आकडा चुकून होईल, चेअरमनबाई. पण ‘ओ येईपर्यंत थांब, कितीही वेळ लागू दे’ असंही लिहिलंय. ते चुकून होत नाही.”

कुसाबाई सुनेकडं वळल्या.

“शून्यावर संपणारा आकडा शुभ नाही, तुम्हीच म्हणता,” मंजुषा म्हणाली. “आहेराच्या पाकिटात शंभरावर एक ठेवायला लावता.”

“ह्यो आहेर हाय का? माझंच शहाणपण माझ्या तोंडावर फेकती? समाधान, कर तो शंभर!”

मंजुषा मशीनला आडवी झाली. “आत्याबाई, पाया पडते. बारा वाजू द्या.”

“माझेच बारा वाजवायला निघालीस तू! फकिरानं काय कबूल केलं गं तुला? बोल की आता! दातखीळ बसली?”

मंजुषाचे ओठ हलले. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. पडद्यावर शेखरचं नाव बघून तिनं ओठ मिटले आणि बाजूला झाली.

बाराला दहा कमी असताना कडं फिरायचं थांबलं आणि सर्व्हर सुरू झाला. कुसाबाईंनी तळहात पुढं केला.

“किल्ल्या. उद्यापासून ऑफिसात पाय टाकायचा नाय. घरात राहायचं का माहेरी, ते शेखर आला की ठरवू.”

मंजुषानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. बारा वाजून गेले तरी ती बाहेर पायरीवरच बसली होती. मोबाईलवर काहीतरी दाबलं, डोळे पुसले आणि रस्त्याला लागली.

“लावला असंल माहेरी फोन. रड म्हणावं,” कुसाबाई म्हणाल्या आणि समाधानकडून आपलं नाव शोधून घेऊन त्यावर अंगठा दाबला.

दोन वाजता त्यांनी द्राक्ष निवडणाऱ्या बायकांना दाराशी बोलावलं. “समाधान, मोठ्यानं वाच. रस्त्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. आधी त्या फकिराची. किती पडली मेल्याला?”

“शून्य.”

कुसाबाई खदखदून हसल्या. बायकाही हसल्या. “आता चेअरमनची वाच!”

समाधाननं पडद्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

“अरे वाच की! तुझीपण दातखीळ बसली?”

“शेखर, दोनशे नऊ,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही, दोन.”