सरकती फळी

सन दोन हजार. मंगळवार पेठेत जळक्या मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या पंचाक्षरींनी लेकीच्या, दानेश्वरीच्या, इंजिनिअरिंगसाठी आधी कॉम्प्युटरचं टेबल आणलं. कॉम्प्युटर अजून यायचा होता. टेबलाची कीबोर्डसाठीची सरकती फळी ओढून बघायला अख्खी गल्ली येऊन गेली. मी शेजारी, मी तर फळीवर बशी ठेवून चहा प्यालो. प्रवेशाच्या दिवशी मीही बापलेकीसोबत कॉलेजात गेलो. प्रवेश देणाऱ्या साहेबांनी विचारलं, "कॉम्प्युटरची शेवटची जागा. घेतेस?" पंचाक्षरींनी माझा हात आवळला. दानेश्वरी म्हणाली, "नको. इलेक्ट्रिकल द्या." "अगं, माझ्यागत हात काळं करायचं हाईत व्हय?" पंचाक्षरी ओरडले. "अप्पा, तुम्ही जळकी मोटार दुरुस्त करताय. मला न जळणारीच बनवायची हाय." "म्हंजे माझं दुकान बंद पाडणार?" "व्हय की!" पंचाक्षरींनी लेकीकडं रोखून बघितलं, मग हसत माझ्या पाठीत गुद्दा हाणला. "भाऊसो, त्या सरकत्या फळीवर पाने-पकडी मावतील न्हवं?"