नानाची सावली

"मोघ्या, मला पुसलंस ते पुसलंस, माझी सावली का ठेवलीस?" पडद्यावरच्या घाटाच्या पायरीवर बोट ठेवत नानानं विचारलं आणि फोटोक्लबमध्ये हशा पिकला.

मोघे चिडले. नाना हुदलीकर त्यांचा जिवलग, पण दर सहलीला त्यांच्या फोटोत मध्येच कडमडायचा. वर फोटोतली खाडाखोडही त्याला खपत नसे. "समोर होतं ते फोटोत राहायलाच हवं," हा त्याचा हेका. "नजरेला खुपतं ते काढायचंच," हा मोघ्यांचा. घरी येऊन त्यांनी सावलीही पुसली आणि सवयीप्रमाणे मूळ फोटोवरच सेव्ह केलं. त्या घाटाला क्लबचं पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या नानानंच वाजवल्या.

नाना गेला तो अचानक. दहाव्याच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यांनी गावभराचे फोटो काढले, स्वतःचा एक धड नाही. तुमच्याकडे असेलच ना एखादा? हार घालायला हवाय."

"शोधतो," म्हणून मोघे कॉम्प्युटरसमोर बसले. होड्या, देवळं, बाजार, एकामागून एक फोटो उघडत गेले. सगळे कसे स्वच्छ. शेवटी त्यांनी तो घाट उघडला. नाना उभा होता ती पायरी त्यांना पक्की ठाऊक होती. तिथे त्यांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. निदान सावलीची एखादी कड तरी सुटली असेल.

पण काम इतकं सफाईदार झालं होतं, की नानालाही चूक सापडली नसती.